आपण स्वतःचे मालक आहोत का? ख्रिस्ती श्रद्धा आणि लिबर्टेरियन विचार

(ही लेखी चर्चा आहे. प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचे टोपणनाव आहे, "उत्तरार्ध" हेही टोपणनावच.)

पाथर्डीकर

आमच्या घरी आईचा पगार झाला की पहिले काम दशांश, म्हणजे चर्चला द्यायचा दहावा भाग, बाजूला काढण्याचे असे. किराणा, फी, दूधवाला यांचा हिशेब त्यानंतर. कॉलेजच्या दुसऱ्या वर्षी मी अमेरिकी लेखिका आयन रँड वाचली आणि त्या भरात आईला ऐकवले की, हा तुझ्या कष्टाचा पैसा आहे, तो मर्जीने द्यायचा असेल तर अवश्य दे, परंतु त्यावर दुसऱ्या कोणाचा आधीपासूनच हक्क आहे असे मानणे म्हणजे स्वतःला वेठबिगार समजणे होय. तिने पाकीट चिकटवले आणि एवढेच विचारले, "आपला आहे असं तुला कोणी सांगितलं?"

त्या प्रश्नाला आता तीस वर्षे होत आली. ख्रिस्ती श्रद्धा आणि लिबर्टेरियन विचार (व्यक्तीवर राज्याची सक्ती कमीत कमी असावी असे मानणारा) यांच्यातील वादाची चर्चा बहुधा करांपासून सुरू होते आणि करांपाशीच संपते. येशूने कैसराचे (रोमन सम्राटाचे) कैसराला द्या म्हटले, प्रेषित पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात अधिकाऱ्यांच्या अधीन राहा म्हटले, तर शमुवेल संदेष्ट्याने राजा मागणाऱ्या इस्राएल लोकांना हा राजा तुमच्या पिकाचा दहावा भाग घेईल असे बजावले. ज्याला जे हवे ते वचन सापडते. मला मात्र खरी गाठ माझ्या आईने बोट ठेवले तिथे, म्हणजे मालकीच्या प्रश्नात, दिसते.

लिबर्टेरियन विचाराचा आरंभ "प्रत्येक व्यक्ती स्वतःची मालक आहे" या विधानापासून होतो आणि ते विधान बहुतेक जण इंग्रज तत्त्वज्ञ जॉन लॉककडून घेतात. १६८९ साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या राज्यशासनावरील दुसऱ्या प्रबंधाच्या सत्ताविसाव्या परिच्छेदात ते आहेच. परंतु त्याच प्रबंधाच्या सहाव्या परिच्छेदात लॉक म्हणतो की सर्व माणसे एका सर्वशक्तिमान निर्मात्याची घडण आहेत, म्हणून ती त्याची मालमत्ता आहेत, आणि म्हणूनच कोणालाही दुसऱ्याचा किंवा स्वतःचाही नाश करण्याचा अधिकार नाही. लॉकचा माणूस स्वतःला गुलाम म्हणून विकू शकत नाही, कारण जे पूर्णपणे आपले नाही ते विकता येत नाही. लिबर्टेरियन तत्त्वज्ञ रॉबर्ट नोझिकने १९७४ साली लॉकच्याच निसर्गावस्थेपासून (राज्यसंस्था नसलेल्या स्थितीपासून) सुरुवात केली, पण निर्मात्याला दाराबाहेर ठेवले, आणि मग स्वतंत्र व्यवस्थेत माणसाला स्वतःला गुलामीत विकता येईल का या प्रश्नाला, माझ्या मते येईल, असे उत्तर दिले. त्याचा प्रामाणिकपणा मला आवडतो. घरमालकाला काढून टाकल्यावर भाडेकरूच मालक होतो, तसे हे झाले.

पौल करिंथच्या मंडळीला नेमके उलट सांगतो. तुम्ही स्वतःचे मालक नाही, मोलाने विकत घेतलेले आहात. दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

आणि तरीही राजकारणात मी लिबर्टेरियन मंडळींच्या बराच जवळ उभा आहे. सक्तीने धरलेली श्रद्धा ही श्रद्धाच नव्हे, हे कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यान याने इ. स. २१२ च्या सुमारास रोमन अधिकाऱ्याला लिहून कळवले होते. मॅसॅच्युसेट्समधून हद्दपार झालेल्या रॉजर विल्यम्सने १६३६ साली प्रॉव्हिडन्स वसवले आणि १६४४ च्या ग्रंथात यहुदी, मुसलमान व मूर्तिपूजक यांनाही उपासनेची मोकळीक असावी असे मांडले, ते धर्माबद्दल उदासीन होता म्हणून नव्हे, तर कडवा ख्रिस्ती होता म्हणून. तेव्हा नीतीच्या बाबतीत पौल आणि राज्यसत्तेच्या बाबतीत जवळजवळ नोझिक, अशी माझी भूमिका आहे. ती टिकते, की मी दोन दगडांवर पाय ठेवून उभा आहे, हे जाणकारांनी सांगावे.

उत्तरार्ध

मी निरीश्वरवादी आहे आणि लिबर्टेरियनही आहे, त्यामुळे दुसऱ्या काठावरून लिहितो.

आधी एक दुरुस्ती. आयन रँडला या विचाराची प्रतिनिधी मानू नये, कारण तिला स्वतःला ते मुळीच मान्य नव्हते. लिबर्टेरियन लोकांना ती उजव्या बाजूचे हिप्पी म्हणत असे. तिचे तत्त्वज्ञान जगावे कसे हे सांगते, त्यात त्याग हा दोष आहे आणि स्वार्थ हा गुण आहे. अशा तत्त्वज्ञानाचे क्रुसाशी जमणार नाही हे उघड आहे. लिबर्टेरियन विचार इतके काही सांगत नाही. बळाचा वापर कोणी, कोणावर आणि केव्हा करावा, एवढाच त्याचा विषय आहे. लिबर्टेरियन अर्थतज्ज्ञ मरी रॉथबार्ड स्वतः अज्ञेयवादी होता, परंतु स्पेनमधील सालामांका येथील सोळाव्या शतकातील धर्मपंडितांना तो अर्थशास्त्राचे पूर्वसूरी मानत असे आणि त्याची पत्नी प्रेस्बिटेरियन होती. १९५८ साली तो रँडच्या गोतावळ्यातून बाहेर पडला. पत्नीच्या श्रद्धेवरून तिथे झालेला जाच हे त्याने स्वतः सांगितलेल्या कारणांपैकी एक आहे.

आता मुख्य मुद्दा. मी स्वतःचा मालक आहे याचा अर्थ, तुमच्या तुलनेत मी माझा मालक आहे. हे माणसामाणसांतील नाते आहे. तुमचा देव तुमचा मालक असेल तर तो व्यवहार तुम्हा दोघांतला आहे, त्याला माझी हरकत असण्याचे कारण नाही. अडचण अशी आहे की देव स्वतः वसुलीला येत नाही, येतो तो त्याचा मुखत्यार, आणि मुखत्यारपत्र दाखवा म्हटले की तो रागावतो. पाथर्डीकर, तुमच्या आईने पाकीट स्वतःच्या हाताने चिकटवले. ते चिकटवले नसते तर पाळकसाहेब पोलीस घेऊन आले नसते. मग भांडण उरते कुठे?

निर्मळकर

उत्तरार्ध यांचा मुखत्याराचा मुद्दा चतुर आहे, परंतु कॅथलिक परंपरेत गरिबाचा हक्क मांडायला मुखत्यार लागत नाही, कारण तिथे तो हक्क गरिबाचाच आहे.

संत थॉमस अक्वायनस तेराव्या शतकात लिहितात की संपत्ती सांभाळण्यासाठी आणि तिची व्यवस्था लावण्यासाठी खाजगी मालकी योग्यच आहे. जे सर्वांचे असते त्याची निगा कोणीच राखत नाही, हे त्यांना कोणत्याही अर्थतज्ज्ञाइतके कळत होते. उपयोगाच्या बाबतीत मात्र वस्तू सर्वांच्या आहेत असे समजावे, असे ते पुढे सांगतात आणि त्यातून एक निष्कर्ष काढतात, जो वाचून मी सेमिनरीतल्या मित्राला दोनदा विचारले होते की भाषांतर बरोबर आहे ना. प्राणावर बेतलेल्या माणसाने दुसऱ्याच्या मालातून गरजेपुरते उचलले, तर ती चोरी ठरत नाही. पाप माफ होते असे ते म्हणत नाहीत, ही चोरीच नव्हे असे म्हणतात. ज्या लॉकवर आपण भिस्त ठेवता, त्याच्याही पहिल्या प्रबंधात देवाने गरजवंत बांधवाला दुसऱ्याच्या वरकड मालावर हक्क दिला आहे, असे स्पष्ट वाक्य आहे. दानाची भाषा तिथे नाही, हक्काची आहे.

दुसरी गोष्ट संमतीची. परमगुरू (पोप) तेरावे लिओ यांनी १८९१ साली रेरुम नोव्हारुम या परिपत्रकात समाजवादाला ठाम नकार दिला आणि खाजगी मालमत्तेचा कैवार घेतला. तेवढाच भाग वाचला तर लिबर्टेरियन वाचक टाळ्या वाजवतील. परंतु त्याच परिपत्रकात ते म्हणतात की गरजेपोटी किंवा भीतीपोटी मजुराने पोट न भरणारी मजुरी कबूल केली, तर त्याची कबुली असूनही तो जुलमाचा आणि अन्यायाचा बळी आहे. दोन्ही बाजूंनी मान्य केले म्हणजे व्यवहार न्याय्य झाला, या गृहीतकालाच इथे छेद जातो. १९३१ साली अकरावे पायस यांनी, लहान समूहाला जे जमते ते मोठ्याने हिसकावू नये, हे तत्त्व मांडले. ते सरकारच्या आक्रमणाविरुद्धच आहे. १९९१ साली दुसऱ्या जॉन पॉल यांनी बाजारपेठेला होकार दिला, पण अटींवर. २०१७ साली परमगुरू फ्रान्सिस यांनी लिबर्टेरियन व्यक्तिवादावर त्याचे नाव घेऊनच टीका केली. तेव्हा ख्रिस्तसभेची, म्हणजे कॅथलिक चर्चची, भूमिका समाजवादाकडे झुकलेली नाही, पण आपल्या बाजूचीही नाही.

आमच्या वसईत हा वाद पुस्तकातला नव्हता. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या नेतृत्वाखाली वसईची हिरवाई बिल्डरांपासून वाचवण्यासाठी हरित वसईची चळवळ उभी राहिली तेव्हा माझ्या चुलत्यांनी भर अंगणात विचारले होते, "वाडी माझी, विहीर माझी, बिल्डर पैसे मोजतोय आणि तुम्ही कोण मला अडवणार?" ते रोज सकाळच्या मिस्साला जाणारे गृहस्थ होते. त्यांच्या विहिरीचे पाणी आणि शेजाऱ्याच्या विहिरीचे पाणी जमिनीखाली एकच आहे, हे उत्तर त्यांना त्या दिवशी पटले नाही.

कांदेबहाद्दर

मी शेतकरी संघटनेच्या शिबिरांतून घडलेला माणूस आहे, धर्मशास्त्र मला कळत नाही. परंतु निर्मळकरांना एक विचारावेसे वाटते. गरिबाचा हक्क म्हणून आजवर जे काही हिसकावले गेले, मग ती धान्यावरची लेव्ही (सक्तीची सरकारी वसुली) असो की कांद्याची निर्यातबंदी, ते कोणाच्या वरकड मालातून गेले? चाकणच्या आंदोलनापासून शरद जोशी सांगत होते, "भीक नको, हवे घामाचे दाम." तुमच्या संताने उपाशी माणसाला उचलण्याची परवानगी दिली, सरकारला नव्हे. उपाशी माणूस गरजेपुरते उचलून थांबतो.

मेपल

अमेरिकेतील उजव्या वर्तुळात हा वाद सत्तर वर्षे चालू आहे आणि तो जवळजवळ जाहीरपणे लढला गेला, म्हणून थोडे लिहितो.

पहिला प्रसंग युरोपातला आहे. १९४७ च्या एप्रिलमध्ये स्वित्झर्लंडमधील मों पेलराँ येथे अर्थतज्ज्ञ फ्रीडरिश हायेकने उदारमतवाद्यांची, म्हणजे मुक्त बाजार आणि मर्यादित राज्यसत्ता मानणाऱ्यांची, परिषद बोलावली. हायेक जन्माने कॅथलिक आणि विचाराने अज्ञेयवादी होता. तरीही आरंभीच्या भाषणात त्याने सांगितले की खरा उदारमतवाद आणि धार्मिक श्रद्धा यांच्यात पडलेली भेग सांधली गेली नाही, तर उदारमतवादी शक्तींच्या पुनरुज्जीवनाची आशा नाही. फ्रेंच राज्यक्रांतीतून आलेल्या धर्मद्वेष्ट्या बुद्धिवादाने माणसे दूर लोटली, असे त्याचे निदान होते. परिषदेतून निघणाऱ्या संस्थेला लॉर्ड अॅक्टन आणि तॉकव्हिल या एकोणिसाव्या शतकातील उदारमतवादी विचारवंतांची नावे द्यावीत असा त्याचा प्रस्ताव होता, त्यावर शिकागोचा अर्थतज्ज्ञ फ्रँक नाइट याने दोन रोमन कॅथलिक सरदारांची नावे नकोत म्हणून हरकत घेतली, आणि शेवटी संस्थेला डोंगराचे नाव मिळाले. भेग सांधायला निघालेल्या मंडळींची पाटी लावतानाच अशी अडचण झाली.

दुसरा प्रसंग १९५७ चा. रँडची 'अॅटलस श्रग्ड' ही महाकादंबरी प्रसिद्ध झाली तेव्हा कॅथलिक विल्यम बकली यांच्या नॅशनल रिव्ह्यू या नियतकालिकात परीक्षण लिहायला व्हिटकर चेंबर्स यांना सांगण्यात आले. हे गृहस्थ एकेकाळी सोव्हिएत हेर होते, नंतर श्रद्धेकडे वळले. त्यांचा मुख्य आक्षेप असा होता की रँडचा माणूस मार्क्सच्या माणसाप्रमाणेच देव नसलेल्या जगाच्या केंद्रस्थानी बसवलेला आहे. दोन्हीकडून पाहिलेल्या माणसाने हे लिहावे, हे रँडच्या गोटाला फार लागले.

पाथर्डीकरांची भूमिका मात्र नॅशनल रिव्ह्यूचेच एक संपादक फ्रँक मेयर यांच्या सर्वांत जवळची वाटते. मेयरही आधी कम्युनिस्ट होते. निवडीचे स्वातंत्र्य नसेल तर सद्गुणाला अर्थ उरत नाही, म्हणून परंपरा मानणाऱ्यांनीही राज्यसत्ता आखूडच ठेवावी, असा त्यांचा मेळ होता. बकलींचे मेहुणे ब्रेंट बोझेल यांनी १९६२ साली त्याला उत्तर दिले की सद्गुण हे साध्य असेल तर स्वातंत्र्य हे फार तर साधन आहे, आणि साधनासाठी कोणी साध्य पणाला लावत नाही. माझ्या मते बोझेलचा तर्क अधिक कडक होता आणि त्यातून निघणारे राज्य अधिक भयंकर झाले असते. मेयर यांनी १९७२ साली, मृत्यूच्या अगदी काही तास आधी, कॅथलिक पंथाची दीक्षा घेतली. त्यांचा मेळ त्यांना स्वतःला तरी तेव्हाच जमला असावा.

२०१२ साली रिपब्लिकन खासदार पॉल रायन यांना जॉर्जटाउन या जेझुइट विद्यापीठातील प्राध्यापकांनी, तुमच्या अर्थसंकल्पात ख्रिस्ताच्या शुभवर्तमानापेक्षा रँड अधिक दिसते, असे पत्र लिहिले. रायन यांनी त्या सुमारास रँडला नाकारून अक्वायनसला जवळ केले. ते राजकारण होते, त्यावर अधिक लिहिण्यासारखे नाही.

नेकार

मी जर्मनीत श्टुटगार्टला असतो. इथे नोंदणी कार्यालयात पहिल्या दिवशी धर्माचा रकाना असतो. त्यात मी अभिमानाने इव्हँजेलिकल (प्रॉटेस्टंट) लिहिले, आणि पहिल्या पगारपत्रकावर चर्च कर कापलेला पाहून चकित झालो. बाडेन-व्युर्टेंबर्ग आणि बव्हेरियात तो आयकराच्या आठ टक्के आहे, इतर राज्यांत नऊ. वसुली राज्याचे करखाते करते. १९१९ च्या वायमार राज्यघटनेतील तरतूद १९४९ च्या मूलभूत कायद्याने जशीच्या तशी पुढे चालू ठेवली आहे.

उत्तरार्ध म्हणतात की पाळक पोलीस घेऊन येत नाहीत. इथे करखाते येते. बाहेर पडण्याची मुभा आहे, सरकारी कार्यालयात जाऊन तसे जाहीर करावे लागते, फी भरावी लागते. परंतु २०१२ साली जर्मन कॅथलिक बिशपांनी असे ठरवले की जो अशा रीतीने बाहेर पडेल त्याला सामान्यतः संस्कार मिळणार नाहीत. करखात्याच्या नोंदीवरून कोणाला ख्रिस्तशरीर (उपासनेतील पवित्र भाकर) मिळणार हे ठरावे, हे रॉजर विल्यम्सला कळते तर काय झाले असते याची कल्पना करवत नाही. मी बाहेर पडलो नाही. मात्र या पैशाला दशांश म्हणायला माझी जीभ वळत नाही. पगारपत्रकातली ती ओळ पाहून कधी प्रार्थना करावीशी वाटली नाही.

डॉ. बकुळ

मी ख्रिस्ती नाही, कोणताच धर्म पाळत नाही. मूत्रपिंडविकारांच्या विभागात बावीस वर्षे काम केले आहे. आपल्याकडे १९९४ च्या कायद्याने अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा आहे, आणि नात्याबाहेरचा दाता असेल तर प्राधिकार समितीपुढे त्याने प्रेमापोटी देत असल्याचे सांगावे लागते. मी अशा मुलाखती पाहिल्या आहेत. अंगावर नवा शर्ट घालून आलेला, शेठजींबद्दल पढवलेली माया बोलून दाखवणारा माणूस मी पाहिला आहे. समितीने त्याला परत पाठवले. तो मला जिन्यात भेटला आणि म्हणाला, "मॅडम, माझी किडनी, माझं कर्ज. तुमचं काय जातं?"

माझे काही जात नव्हते. तरी त्याने ती विकू नये असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. पण पाथर्डीकरांकडे त्याचे कारण आहे, पौलाने दिलेले. माझ्याकडे नाही. गरिबाचे शोषण होते हे कारण मी सांगू शकते, परंतु उद्या दलाल काढून टाकले, भाव चोख दिला, इराणमध्ये आहे तशी सरकारमान्य व्यवस्था केली, तरीही माझे मन कबूल होणार नाही. श्रद्धा नसताना ही हरकत माझ्यात कुठून आली, याचा उलगडा मला होत नाही.

उत्तरार्ध

डॉक्टर, जिन्यातला तो माणूस बरोबर होता असे मी म्हणेन, आणि ते म्हणताना मला आनंद होत नाही. बंदीमुळे त्याचे कर्ज फिटले नाही आणि शेठजी कदाचित डायलिसिसवरच गेले. आपल्या मनाला नकोसे वाटणे हे दोन माणसांना अडवायला पुरेसे कारण नाही. आपली हरकत म्हणजे, ज्या समाजात देह देवाचा मानला जात होता त्याची उरलेली सवय असावी, असे माझे मत आहे. सवयी वाईटच असतात असे मात्र मी म्हणत नाही.

पाथर्डीकर, आता तुमची पाळी. ही बंदी तुम्हाला मान्य आहे का? मान्य असेल तर सरकार पोलिसांकरवी करिंथकरांस पत्राची अंमलबजावणी करीत आहे आणि तुमचा नोझिक तिथेच संपला. अमान्य असेल तर देह देवाचा आहे या विधानाला रविवारच्या उपासनेबाहेर काही अर्थ राहिला नाही.

पाथर्डीकर

प्रश्न चुकवणार नाही, परंतु उत्तर जसे सुचत आहे तसे लिहितो, ते पूर्ण नाही.

नोझिकच्या गुलामाचा विचार करताना मला नेहमी एक दृश्य दिसते. स्वतःला विकलेला तो माणूस दुसऱ्या दिवशी पळून जातो. त्याला धरून कोण आणणार? धनी न्यायालयात करार दाखवणार आणि राज्याचे शिपाई त्याला धरून आणणार. म्हणजे ज्याला आपण दोघांतला खाजगी व्यवहार म्हणतो, त्याच्या शेवटी राज्याचे बळ उभेच असते. तेव्हा मी एवढे म्हणू शकतो की देह विकण्याचा करार राज्याने पाळायला लावू नये. विकणाऱ्याला शिक्षा नको, पण असा करार न्यायालयाच्या दृष्टीने कोरा कागद असावा. यासाठी पोलिसांना पौलाचे पत्र हाती घ्यावे लागत नाही. मनुष्यकृत कायद्याने प्रत्येक दुर्गुणाला बंदी घालू नये असे अक्वायनसही सांगतात, हे निर्मळकरांनी मला व्यक्तिगत निरोपात दाखवले. प्रॉटेस्टंट असूनही मी ते उसने घेतो.

यातली उणीव मला दिसते. करार कोरा असेल तर किडनी काढून घेतल्यावर पैसे बुडवणाऱ्याविरुद्ध त्या गरिबाला दाद मागता येणार नाही, आणि आजच्या चोरट्या बाजारात नेमके हेच होते. त्याला माझ्याकडे अजून उत्तर नाही. निर्मळकरांच्या विहिरीचेही नाही.

आईची गोष्ट अर्धीच सांगितली होती. मागच्या नाताळात तिच्याशी पुन्हा हा विषय निघाला. मी प्रेषितांची कृत्ये काढली आणि पाचवा अध्याय वाचून दाखवला. हनन्या शेत विकून आलेल्या पैशातले काही लपवतो, तेव्हा पेत्र त्याला म्हणतो की शेत विकण्यापूर्वी ते तुझेच नव्हते काय, आणि विकल्यावर पैसेही तुझ्याच हाती नव्हते काय. शिक्षा झाली ती खोटे बोलल्याची, पैसे ठेवल्याची नव्हे. पेत्र मालकी मान्य करतो, असे मी जरा विजयाने म्हणालो. आई आता ब्याऐंशी वर्षांची आहे, गुडघ्यांमुळे उपासनेला जाऊ शकत नाही. तिने चष्मा पुसला आणि म्हणाली, "ते पेत्राने हनन्याला सांगितलं. हनन्याने स्वतःहून म्हटलं नव्हतं." मग तिने पेन्शनमधून काढलेले पाकीट माझ्या हातात दिले आणि पावती आणायला विसरू नकोस असे बजावले.

उत्तरार्ध

आईंना नमस्कार सांगावा. पावती घेतात हे वाचून बरे वाटले.

कोऱ्या कागदाबद्दल मात्र मी उद्या सविस्तर लिहितो, कारण जिन्यातल्या त्या माणसाला तुम्ही आत्ताच्या कायद्यापेक्षाही अधिक उघड्यावर सोडले आहे.